सापडली का?

"अहो, योग्य शब्द टाकायला शिका," माझे गाईड सर म्हणाले आणि माझ्यासमोरचा कीबोर्ड त्यांनी स्वतःकडे ओढला.

ग्रंथालयातला संगणक. पाठीमागे माझ्याबरोबर पीएच.डी. करणारी मुलं. पडद्यावर शोधनिबंधांचा डेटाबेस उघडा. मी इंग्रजीत टाकलं होतं: पारधी, मुली, वसतिगृह. माझा विषयच तो. मी पारधी, वसतिगृहातच वाढले. उत्तर आलं होतं, काहीही सापडलं नाही.

सरांनी 'मुली' खोडलं. 'वसतिगृह' खोडलं. तिथे 'गुन्हेगारी' टाकलं.

पानंच्या पानं आली.

"बघा. पोलिसांनासुद्धा इतक्या पटकन सापडत नाहीत हो हे लोक."

मागचे हसले. मी चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिले.

संध्याकाळी सदाशिव पेठेतल्या खोलीवर आईचा फोन आला. फोनवरही ती मराठीच बोलते, सवयीने. बाजारात आमची भाषा ऐकली की लोक पिशव्या छातीशी धरतात.

"आज काय केलंस?"

"आपल्या लोकांवर लिहिलेली पुस्तकं शोधत होते."

"मग? सापडली का?"

"सापडली. सगळी गुन्ह्यांचीच."

 ती दबक्या आवाजात म्हणाली, "कोण गं? कुणाला धरलं?"

 आमच्याकडे सापडणं म्हणजे तेवढंच. लहानपणी पालाकडे पोलिसांच्या गाडीचा दिवा वळला की आई मला ज्वारीत ढकलायची. "सापडू नको," एवढंच म्हणायची.

मी ते निबंध वाचले. सगळे. त्यांत आमची हत्यारं होती, पळायच्या वाटा होत्या, बायका लुगड्यात काय लपवतात तेही होतं. शाळा नव्हती. पाटी नव्हती. मी नव्हते.

आता त्या संगणकावर बसायची भीती वाटते. पहिलं अक्षर टाकलं की सरांचे शब्द आपोआप खाली येतात. पारधी, गुन्हेगारी. गाडीचा दिवा वळल्यासारखं होतं. हात आपोआप मागे जातो.

पुढच्या भेटीत सर म्हणाले, "विषय गुन्हेगारीकडे वळवा. मग आराखड्यावर सही करतो."

"विषय तोच राहील, सर."

"आणि संदर्भ? आभाळातून पडणार?"

"संदर्भ नाहीत, हेच पहिल्या प्रकरणात लिहीन. का नाहीत, तेही."

"मग दुसरा गाईड बघा."

"बघते."

 

दुसरा गाईड अजून मिळालेला नाही. न मिळेना का. वसतिगृहातल्या मुलींशी बोलायला मी सुरुवात केली आहे. निबंध लिहीन, आणि त्याच्या वर शोधशब्दांची ओळ असते, ती मीच भरीन. पारधी, मुली, वसतिगृह. चौथा शब्द कुणाच्या बापाने सांगितला तरी टाकणार नाही. पुढे एखादी पोरगी हेच शब्द टाकेल, तेव्हा तिच्यासमोर कोरं पान येता कामा नये.

आई जन्मभर सांगत आली, सापडू नको.

मला सापडायचंय.