वाटीची सही

परवा लेकीनं मोबाइलवर एक बातमी वाचून दाखवली. कुठल्याशा मोठ्या शहरात नाइट क्लब रात्री दीडला बंद करा असा हुकूम निघाला, तर तिथली तरणी मंडळी पार खवळली. एक पोरगी म्हणे रडकुंडीला आली होती, एवढ्या लवकर घरी जाऊन करायचं काय? दीड वाजता! मी म्हटलं, बाई, तुझं दार निदान दीडला तरी लागतं. आमच्या अंबडला ते दहालाच लागलं.

हो, आमच्याकडं पण नाइट क्लब होता. हसू नका. एस.टी. स्टँडसमोर मामाचं पत्र्याचं चहाचं हॉटेल. हा मामा कुणाच्याच नात्यातला नाही, अख्ख्या स्टँडचा मामा. दोन ट्यूबलाइटी, त्यातली एक कायम फडफडणारी, तीच आमची रोषणाई. संगीत म्हणाल तर शेगडीची भर्रर्र. डास एवढे की बसल्या जागी प्रत्येकाचे पाय नाचायचे. आणि नशा अद्रकीच्या चहाची. मेंबर ठरलेले. मुक्कामी गाडीचे ड्रायव्हर-कंडक्टर, दुकान बंद करून आलेला मेडिकलवाला, आणि मी. लोकांचे ब्लाऊज शिवणारी, पंचेचाळिशी ओलांडलेली, डोक्यावरून पदर घेतलेली बाई रात्री दहा वाजता हॉटेलात खुर्ची टाकून चहा पिते, ह्याहून मोठा तमाशा आमच्या गल्लीला कुठला पाहिजे होता?

मी काही हौसेनं जात नव्हते. निदान आधी तरी नव्हते. लेक जालन्याला रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला लागली. डीएमएलटी केलेली, पहिल्या वर्गात पास. पण दवाखाने संध्याकाळी भरतात, म्हणून लॅबही नऊपर्यंत चालू. त्यानंतरची गाडी साडेनऊची. साडेनऊची म्हणतात ती, हलते कधी तिच्या मनाला येईल तेव्हा. इकडं कधी सव्वादहाला पोचायची, कधी अकराला. हे, म्हणजे आमचे मालक, जालन्यातच बियाण्याच्या गोदामावर रातपाळीचे वॉचमन. ते सकाळी घरी यायचे. मंग पोरीला आणायला जाणार कोण? मीच.

पहिल्या रात्री मी स्टँडातल्या बाकड्यावर बसले होते. स्टँडात लाइट एकच आणि तीही मुतारीच्या दारावर. कुणाच्या सुपीक डोक्यातून ती जागा निघाली, देव जाणे. मामानं समोरून पाहिलं आणि स्वतः रस्ता ओलांडून आला. म्हणाला, "ताई, इथं काहून बसून राह्यल्या? तिकडं या, लाइटीखाली बसा. गाडी काही आज बराबर टायमावर यायची न्हाई." गल्ल्याशेजारी त्यानं प्लास्टिकची लाल खुर्ची ठेवली. त्या दिवसापासून ती खुर्ची माझी. दुसरं कुणी बसलं की मामा त्याला उठवायचा, "ताईची हाय ती."

आता खरं सांगते. एवढ्या वर्षांच्या संसारात मी घरात दुसऱ्यानं केलेला चहा प्यायलेला मला आठवत नाही. बाळंतपणात आईनं दिला असेल तेवढाच. मामा कप पुढं ठेवायचा आणि मी नुसती बसायची. कुणी म्हणत नव्हतं, हुक लावलं का, भाकरी टाकली का, पाणी भरलं का. कंडक्टर त्याच्या प्रवाशांच्या नकला करायचा. मेडिकलवाला सांगायचा, डोकेदुखीच्या गोळ्या कोणत्या घरात जास्त खपतात. मी पोट धरून हसायची. घरी साडेनऊपासूनच माझं लक्ष घड्याळाकडं लागायचं. लेकीच्या काळजीनं, असं मी सगळ्यांना सांगत होते.

गाडी आली की लेक उतरून सरळ तिथंच यायची. अर्धा चहा तिला. आणि मंग दिवसभराचं बोलायची. आज कुणाच्या रक्तात काय सापडलं, कोणता डॉक्टर चुकला आणि हिनं ते कसं पकडलं. घरी तोंड उघडत नव्हती पोरगी, पण तिथं लाइटीखाली टकळी चालायची. घरापर्यंतचं दहा मिनिटांचं चालणं बोलण्यातच संपायचं. ह्या नोकरीनं तिची मान वर झाली होती. मला ते डोळ्यांनी दिसत होतं.

तर ती संक्रांत. आमच्या वॉर्डाच्या नगरसेवकांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, हळदीकुंकू ठेवलं. मांडव घातला, खुर्च्या मांडल्या, वाण म्हणून स्टीलची वाटी. जाड बुडाची, काठाला नक्षी, उगीच पत्र्यासारखी नाही. दारात टेबल आणि टेबलावर कागद. पद्धत आमची पूर्वापारची. कुंकू लावून घ्यायचं, तीळगूळ तोंडात टाकायचा, सही करायची, वाटी घेऊन पुढं सरकायचं. कागदावर वर काय लिहिलंय, हे वाचायला आम्ही काय वकील आहोत? वाण कुणी नेलं त्याची यादी असणार, दुसरं काय असतंय. एका बाईला सहीच येत नव्हती, तर तिनं कुंकवाचंच बोट टेकवलं. वहिनी म्हणाल्या, "चालतंय, चालतंय." मी मात्र ऐटीत सही केली, आडनावाखाली दोन रेघा ओढून. एका हातात वाटी, दुसऱ्या हातात पेन, तोंडात तीळगूळ. अक्षर बरं आलं म्हणून वर आणखी खूशही झाले.

महिनाही झाला नसेल, तर एक दिवस जीपवरून भोंगा फिरला. रात्री दहानंतर हॉटेलं, टपऱ्या, पानठेले सगळे बंद. कशासाठी? महिला भगिनींच्या सुरक्षेसाठी. आणि कुणाच्या मागणीवरून? महिला भगिनींच्याच! ह्या कोण भगिनी उपटल्या म्हणून मी दोन दिवस त्यांना मनातल्या मनात वाट्टेल तशा शिव्या घातल्या. त्यांच्या माहेरापर्यंत पोचले होते मी. मामानं शटर ओढताना लाल खुर्ची आत घेतली. म्हणाला, "ताई, माफ करा. माझा इलाज न्हाई."

शटर खाली, ट्यूब बंद. रस्ता असा काळाकुट्ट झाला की स्वतःच्या चपला दिसेनात. मी बंद शटरला पाठ लावून मोबाइलचा टॉर्च धरून उभी. आधी चार माणसं होती, आता दोन कुत्री होती. एक मोटारसायकलवाला आला, थांबला आणि म्हणाला, "कुठं सोडू का, ताई?" एवढा कनवाळू माणूस मामाची लाइट चालू असताना कधी आला नव्हता. हे सुरक्षा म्हणतात ते बहुतेक असंच असतं. सुरक्षा करायची म्हणून उजेड काढून घ्यायचा, मंग बायांनी घरात बसायचं, आणि बाया रस्त्यावर नाहीत म्हणजे बायांना काही धोका नाही. हिशेब बिलकुल बरोबर.

ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "लोकं आधीच बोलून राह्यले. पंधरा दिवस बघू, न्हाईतर सोडू दे नोकरी." झालं! पोरीच्या नोकरीला पंधरा दिवसांची मुदत लागली. हुकूम काढणाऱ्यांना ठाऊकच नव्हतं की आपण चहा बंद करून कुणाची नोकरी बंद करून राह्यलो.

मी काही गप्प बसणारी नव्हे. मापाच्या वहीतलं पान फाडलं आणि स्वतः अर्ज लिहिला. निदान स्टँडसमोरचं हॉटेल शेवटची गाडी येईपर्यंत उघडं राहू द्या, आमच्या पोरी तिथं उतरतात. गल्लीभर फिरले. बायांनी काय पटापट सह्या दिल्या! कुणी विचारलं नाही, कुणी वाचलं नाही. मला भरून आलं, म्हटलं, बघा, वेळ आली की बायाच बायांच्या पाठीशी उभ्या राहतात. एकीनं पदराला हात पुसत विचारलं, "काय हाय आता? ताट का डबा?" मी थट्टा समजून हसले. तिला पेन दिलं.

चाळीसेक सह्या घेऊन नगरपालिकेच्या कचेरीत गेले. साहेब तरुण होते, बोलायला गोड. त्यांनी अर्ज नीट वाचला. हा त्या अर्जाचा पहिलाच वाचक म्हणायला हरकत नाही. मंग त्यांनी कपाट उघडून एक फाइल काढली, त्यातला कागद माझ्या अर्जाशेजारी ठेवला आणि पहिल्या नावावर बोट ठेवलं. इकडं तेच नाव. दुसरं, तेही इकडं होतंच. मधेच एक कुंकवाचा वाळलेला ठिपका. त्याच्या खाली दोन रेघा ओढलेली सही.

"ही तुमचीच ना, मावशी?"

ज्या भगिनींना मी दोन दिवस शिव्या घालत होते, त्यात मी चौथी होते.

साहेब म्हणाले, "जानेवारीत तुम्ही बंद करा म्हणता, फेब्रुवारीत चालू करा म्हणता. ह्यातलं खरं कोणतं धरायचं?"

मी म्हटलं, "साहेब, ती वाटीची सही होती."

"म्हणजे?"

"त्या कागदावर वाटी मिळाली. ह्या कागदावर काहीच न्हाई मिळालं. म्हणून हा खरा."

साहेब मोठ्यानं हसले. मला चहा मागवला, माझ्या हुशारीचं कौतुक केलं, आणि दोन्ही कागद एकाच फाइलीत लावून टाकले. म्हणाले, "मागणी महिलांचीच होती, मावशी. आता महिलांनीच विरोध केला तर वर काय सांगू? बघू आपण." बघू म्हणजे काय, ते कळण्याइतकं वय झालंय माझं. सरकारी चहा अर्धाच ठेवून उठले. मामाच्या चहाची त्याला सर नव्हतीच.

रात्री येताना लेकीला सगळं सांगितलं. लपवून ठेवावं वाटलं होतं, पण जमलं नाही. ती चालता चालता थांबली. "आई, तू सही केलती?"

"केलती."

"वाचलं न्हाईस?"

"वाटी चांगली होती गं," मी म्हटलं. जीभ हासडून द्यावी असं झालं मला.

तिनं बॅग खांद्यावर ओढली आणि भराभर पुढं निघाली. घरापर्यंत माझ्या चार पावलं पुढंच चालली.

पुढं आठवड्याच्या आतच ते झालं. अंधारात दहापासून एकटं उभं राहायची मला आता भीती वाटायची, म्हणून मी अंदाजानं घरातून निघत होते. त्या रात्री गाडी लवकर आली. लेक उतरली, तर मी नाही, मामा नाही, कुणीच नाही. ती जाऊन मुतारीच्या लाइटीखाली उभी राहिली, दुसरा उजेड होता कुठं? मोटारसायकलवर दोघं जण तिच्याभोवती तीनदा घिरट्या घालून गेले. तिचा फोन आला तेव्हा मी वाटेतच होते. चप्पल हातात घेऊन पळत सुटले. पोचले तर ती बॅग छातीशी धरून उभी.

काही झालं नाही. पण आमच्याकडं नोकरी सोडायला 'काही झालं नाही' एवढंच पुरतं. सकाळी हे घरी आले, ऐकलं आणि जेवायला न बसता म्हणाले, "बास." लॅबवाल्यांनी दुपारची ड्यूटी द्यायला नकार दिला. जालन्यात खोली घेऊन राहते म्हणाली, तर ह्यांनी तिच्याकडं असं पाहिलं की विषय तिथंच मिटला. मी मधे पडले नाही. कोणत्या तोंडानं पडणार होते?

तर आता आमच्या गावात बाया एकदम सुरक्षित आहेत. माझी लेक तर सगळ्यांत जास्त, दिवसभर घरातच असते. दोन पाहुणे बघून गेले. मुलगी बाहेर कुठं जात नाही ऐकून त्यांना फार बरं वाटलं. रात्री साडेदहाच्या सुमाराला शेवटची गाडी वळणावर हॉर्न देते. घरापर्यंत ऐकू येतो. मी ह्या कुशीवर जागी असते, ती त्या कुशीवर. दोघी झोपल्याचं सोंग करतो. गाडी पुढं निघून जाते.

यंदाच्या संक्रांतीला वहिनींकडं पुन्हा हळदीकुंकू झालं. वाण म्हणून पेला होता, वाटीच्याच जोडीचा, तीच नक्षी. टेबल तेच, पेनही बहुतेक तेच. मी कागद हातात घेतला आणि वाचायला लागले. शहरातल्या महिलांना रात्री निर्भय वाटू लागल्याबद्दल साहेबांचे जाहीर आभार, खाली सह्या. मागून बाया ओरडायला लागल्या, "अगं, करून टाक की सही जल्दी! रांग थांबली ना!" वहिनींनी भुवया उंचावल्या. मी कागद खाली ठेवला, पेन वर ठेवलं आणि निघाले. पेला काही मिळाला नाही. कुंकू तेवढं लागलं होतं कपाळाला.

घरी आले तर लेक मशीनशेजारी बसून ब्लाऊजला हुक लावत होती. रक्ताच्या एका थेंबात काय काय शोधून काढणारी पोरगी, आता माझ्या हाताखाली हुक लावते. मान वर न करताच तिनं विचारलं, "काय मिळालं?"

"काहीच न्हाई," मी म्हटलं. "कागद वाचला, सही केली न्हाई."

तिनं दातानं दोरा तोडला.

"मागल्या वर्षी वाचायचा होतास," ती म्हणाली, आणि दुसरा ब्लाऊज ओढला.