रेडिओवर झालेला माझा खून

माझा खून झाला तो सिल्वासात, रेडिओवर, आणि तो ऐकायला मी शेजारणीला चहाला बोलावलं होतं.

आता नातसून टीव्हीवर त्या खुनांच्या मालिका बघत बसते. मी मधे काही बोलले की म्हणते, "आजी, थांबा ना जरा, ऐकू येत नाही." तिला काय सांगू? मधे बोलण्यापायी एकदा जिवाला मुकलेली बाई आहे मी!

पोर्तुगीज गेल्यावर इकडच्या शाळांना मास्तर हवे होते, म्हणून आमचे हे अलिबागेकडून सिल्वासात आले. मागोमाग मी, मुलगी आणि बॅटरीवरचा रेडिओ. साठ सालानंतरची गोष्ट सांगतेय. आमच्या सरकारी क्वार्टरांच्या ओळीत रेडिओ तेवढा एकच. दर गुरुवारी संध्याकाळी रहस्याची श्रुतिका लागायची, की अर्धी ओळ आमच्याकडे. नाटक फुकट, वर माझी टीका फुकट. (टीका नको, नुसतं नाटक द्या, असं काहीजण म्हणायचे. पण रेडिओ कुणाचा?)

त्यात ह्यांची रांध्याला बदली होणार अशी कुणकुण लागली. आज ते गाव हाकेच्या अंतरावर वाटतं. तेव्हा पावसाळ्यात तिकडे जायचं म्हणजे चपला हातात आणि जीव मुठीत. क्वार्टर जाणार, मुलीची शाळा सुटणार, आणि मुख्य म्हणजे तिथे रेडिओ धड लागत नाही असं ऐकलं होतं! बदलीच्या कागदावर सही व्हायची होती शिक्षण खात्याच्या कर्णिकसाहेबांची. हे साहेब तपासणीला आले की पोरांच्या आधी मास्तर थरथरायचे.

हे म्हणाले, "साहेबांचा रेडिओ बिघडलाय. गुरुवारी शेवटचा भाग ऐकायला आपल्याकडे बोलावलंय. बदलीचं हळूच काढतो. तू फक्त भजी कर."

"फक्त म्हणजे?"

"म्हणजे भजीच कर. दुसरं काही करू नकोस."

गुरुवारी साहेब आले. ह्यांचा चेहरा बघते तर पिठासारखा पांढरा! वाटेत साहेबांनी ह्यांना एक गुपित सांगितलं होतं, आणि घरात बोलायचं नाही असं बजावलंही होतं. मला ते कळलं, पण भजी संपल्यावर.

नाटक सुरू झालं. काकांच्या दुधात पुतण्या विष घालतो, तो प्रसंग. टॉक, टॉक, टॉक, पावलं वाजली.

"बघा!" मी झारा घेऊनच बाहेर आले. "हा स्वयंपाकघरात बूट घालून चाललाय. घरात कुणी काही म्हणत नाही? खुनाचं राहू दे, आधी ह्याला चपला काढायला सांगा!"

हे खोकले.

"अस्सं?" साहेब पुढे सरकले. "आणखी काय वाटतं, वहिनी?"

झालं! आजवर मला 'आणखी काय वाटतं' असं कुणी विचारलंच नव्हतं. मी झारा ठेवला आणि मांडी घालून बसले.

"हे कुत्रं. काकांच्या घरी हेच भुंकतं, वकिलाच्या घरी हेच, महाबळेश्वरातही हेच. बिचारं एवढा प्रवास करतंय, त्याला कुणी पाणी तरी पाजलं का?"

ह्यांनी माझा पाय दाबला. मला वाटलं, भजी संपली. मी ताट पुढे सरकवलं.

"आणि खून कशापायी? तर एका पितळी घड्याळापायी! अहो, काकांना दुसरं कोण आहे? मागितलं असतं तर त्यांनी किल्लीसकट दिलं असतं. सगळं चालेल, पण खुनाला कारण पटायला हवं की नको?"

"हां, ए वात साची," शेजारच्या कमळाबेननी मान डोलावली. "कारण बराबर नथी."

साहेबांनी खिशातून डायरी काढली आणि लिहू लागले. (किती रसिक माणूस, असं मला वाटलं.) ह्यांनी डोळे मिटून घेतले. देवाचं नाव घेत असावेत.

"चांगलं काहीच नाही का हो?" साहेबांचा आवाज जरा बारीक झाला होता.

"आहे ना! किंकाळीच्या आधीची ती शांतता. काय शांतता होती! काळजाचं पाणी झालं. त्याला शंभर मार्क."

साहेब खुलले. सरळ होऊन बसले.

तेवढ्यात रेडिओ पुन्हा शांत झाला. मग खरखरला. मी उठून त्याच्या पाठीवर दोन चापट्या मारल्या. "मेली बॅटरी! म्हणजे मघाशीही हीच गेली होती वाटतं!"

साहेबांनी डायरी मिटली, चहा अर्धा ठेवला आणि निघाले. बदलीचं काही निघालंच नाही.

दार लावून हे खाली बसले. "ते नाटक साहेबांचं आहे. दुसऱ्या नावाने लिहितात."

"मग मला सांगायचं नाही?"

"खोकलो! पाय दाबला! आणखी काय करणार होतो, घंटा वाजवणार होतो?"

दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी मला युक्ती सुचली. (हे वाक्य ऐकलं की आजही ह्यांना धाप लागते.) मी कमळाबेनच्या नावाने रेडिओला कौतुकाचं पत्र टाकलं. 'असं नाटक झालं नाही, होणार नाही. लेखकाला आमचा दंडवत.' पत्र कसं झक्क जमलं होतं! पण पाकीट चिकटवताना राहवलं नाही. खाली एक ओळ घातली, 'पुढच्या वेळी चपला तेवढ्या काढाव्यात.'

रेडिओवाल्यांनी ते पत्र लेखकाकडे पाठवलं.

साहेबांनी ह्यांना कचेरीत बोलावलं. समोर दोन कागद, एक बदलीचा आणि एक माझा. साहेब म्हणाले, "मास्तर, गुजराती बाई मराठी फार सुरेख लिहितात हो तुमच्या ओळीत." हे घाम पुसत उभे. मग साहेबांनी बदलीचा कागद फाडला. "तुम्ही सिल्वासातच राहा. मला त्या वहिनींचं अजून काम आहे."

मी साखर वाटली. काम म्हणजे काय, ते चार महिन्यांनी कळलं.

साहेबांची नवी श्रुतिका लागली. खोली भरलेली. कमळाबेनच्या हातात मी चहाचा कप दिला आणि ऐकायला बसले. पहिल्याच प्रसंगात कुठल्याशा गावातली एक मास्तरीण भजी तळतेय. तळता तळता बोलतेय. नाटकावर बोलतेय, शेजाऱ्यांवर बोलतेय, कुत्र्यावर बोलतेय. मग पावलं आली. अनवाणी! चपला दाराशी काढल्याचा आवाजसुद्धा घातला होता. मग ती शांतता. (बॅटरी नवी होती, मी स्वतः बघितली होती.) आणि किंकाळी.

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. गुप्तहेराने विचारलं, "बाईंच्या वाईटावर कोण होतं?" तर संशयित निघाले अकरा, अख्खी ओळ! पहिला नंबर नवऱ्याचा.

"आ वेळा कारण बराबर छे हों," कमळाबेन म्हणाल्या.

सगळ्यांनी माना डोलावल्या. ह्यांनी जरा जास्तच.

मीही डोलावली. टीका करायची तर इमानाने करावी. पावलं चोख, कुत्रं नवीन, खुनाचं कारण तर शंभर टक्के पटणारं. साहेबांच्या हातून चूक झाली ती एकच. मेल्यावर ती बाई चक्क गप्प बसली. हे मात्र मला काही केल्या पटलं नाही!