तीन लांब शिट्ट्या

माझ्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर एक नारंगी शिट्टी असते. दूध आणायला जाताना असते, देवळात असते, पालघरला कचेरीत दाखला काढायला गेले तरी असते. लग्नकार्यात तेवढी पदराखाली लपवते. बोईसरच्या बाजारात एक भाजीवाली मला ‘पीटीच्या बाई’ म्हणते आणि वर दोन मिरच्या जास्त घालते, म्हणून मीही तिची चूक सुधारत नाही.

बाई तर मी होतेच. तीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं. आवाज असा, की माझ्या वर्गातले पाढे शेजारच्या वर्गाला पाठ व्हायचे. निवृत्त झाले आणि गळ्याला गाठ आली. ऑपरेशन झालं, गाठ साधीच निघाली, सगळे पेढे वाटायला मोकळे झाले; फक्त माझा आवाज बसला तो बसलाच. फाटकी कुजबुज तेवढी उरली. येईल हळूहळू, असं डॉक्टर म्हणाले. बोलता येत नाही याचं दुःख मला बेताचंच झालं, भांडता येत नाही याचं फार झालं.

भांडायला विषयही तसाच होता. एडवणला माझ्या माहेरची वाडी आहे. वीसेक माड, केळी, दोन आंबे, विहीर आणि कौलारू खोली. भाऊ परगावी, म्हणून वाडी मीच बघते. दर रविवारी मी एकटी जायचे. बोईसरहून गाडीने निघून सफाळ्याला उतरायचं, तिथून एसटी, मग वाड्यावाड्यांमधून अर्धा तास चालायचं. तिथे पोचून पंपाला शिव्या घालायच्या, केळीला पाणी सोडायचं, आणि दुपारी सुकटीच्या चटणीशी भाकरी खाऊन गार जमिनीवर आडवं व्हायचं. याहून मोठं सुख मला माहीत नाही.

आणि तेच आमच्या ह्यांनी बंद केलं.

हे तारापूरच्या एका रसायनांच्या कारखान्यात सुरक्षेचं काम बघायचे. निवृत्त झाले तरी स्वभाव निवृत्त झालेला नाही. घरात सिलिंडर बदलायचा तर मला जिन्यात उभं करतात. “वाडीत पाय घसरून पडलीस तर हाक कशी मारशील?” त्यांनी विचारलं. मी तोंड उघडलं, हवा निघाली. तिथेच हरले. दुसऱ्या दिवशी ही शिट्टी आली. महिनाभर रोज गळ्यात घालायची, अडचण आली तर तीन वेळा लांब वाजवायची. महिना सुरळीत गेला तर एडवण, नाहीतर वाडी कुणालातरी सांभाळायला देऊन टाकायची. माझी माहेरची वाडी, आणि अट ह्यांची! पण लेकीनेही फोनवर बापाचीच री ओढली. मी शिट्टी घातली आणि दिवस मोजू लागले.

सव्विसाव्या दिवशी घोळ झाला.

मे महिना होता. कैरीच्या फोडींना मीठ लावून मी त्या वाळत घालायला आमच्या इमारतीच्या गच्चीवर गेले. साडी पसरली, फोडी मांडल्या, मागे वळते तो दार बंद. वॉचमन टाकी बघून गेला होता आणि जाताना आतून कडी लावून गेला होता. टाकीच्या आड बसलेली मी त्याला दिसले नाही. फोन घरी चार्जिंगला. मी दार बडवलं. लोखंडी दार, खाली जिन्याला चार मजले, आणि दुपारी घराघरात कूलर चालू.

शिट्टी गळ्यातच होती, पण वाजवेना. वाजवली म्हणजे अडचण आली हे कबूल केल्यासारखं, म्हणजे एडवण गेलं. पाऊण तास मी टाकीच्या सावलीत हट्टाने बसून राहिले. सावली सरकत सरकत पायाशी आली. जीभ कोरडी पडली, डोळ्यांपुढे काजवे चमकले. मग म्हटलं, वाडी गेली चुलीत, आधी जीव राहू दे. आणि तीन शिट्ट्या वाजवल्या. लांब, पोट आत जाईपर्यंत.

आता हे सांगायला हवं, की आमच्या वसाहतीत बहुतेक माणसं कारखान्यांतली. ह्यांनी निवृत्तीनंतर सोसायटीतही सराव सुरू केला होता: तीन लांब शिट्ट्या म्हणजे वायुगळती. सगळ्यांनी खाली यायचं, फाटकाजवळच्या बदामाखाली रांगेत उभं राहायचं, मोजणी होईपर्यंत इमारतीत पाऊल टाकायचं नाही. सोसायटीला तीन आणि बायकोलाही तीन! हे दोन्ही एकाच माणसाने शिकवलं होतं आणि त्याच्याही लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही.

कठड्याच्या जाळीतून मी बघते तर माणसं भराभरा बाहेर पडताहेत. मला वाटलं, आले माझ्यासाठी. सगळी गेली बदामाखाली. नाकाला ओले रुमाल लावून, शहाण्यासारखी, रांगेत. मी आणखी जोरात वाजवली. रांग आणखी सरळ झाली. एक म्हातारे गृहस्थ पाणी आणायला इमारतीकडे निघाले, त्यांना चौघांनी मागे ओढलं. मी जितकी वाजवत होते, तितका कुणीच वर येणार नाही याचा बंदोबस्त होत होता.

कठडा माझ्या डोक्याइतका उंच. दोरीवर कुणाची तरी नारंगी ओढणी वाळत होती, ती मी कठड्यावरून फडकवली. खालून एकाने बोट दाखवलं, “वो देखो, हवा इधर आ रही है!” कारखान्यात वाऱ्याची दिशा कळायला उंचावर नारंगी पिशवी लावतात, तिच्यावर नजर ठेवायची सवय. अख्खी रांग हलली आणि फाटकाच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. मला रडू येत होतं आणि हसूही. हसायला आवाज नव्हता, म्हणून नुसती गदगदत होते.

एवढ्यात हे आले. कोथिंबीर आणायला गेले होते. पिशवी फाटकावर टांगली आणि लगेच मजलेवार मोजणी सुरू. पहिला मजला, दुसरा मजला. माणसं आपापली हजेरी सांगत होती. तिसऱ्या मजल्यावर आमच्या दाराचा आकडा आला, आणि कुणी काहीच बोललं नाही. ह्यांनी पुन्हा पुकारलं. मग त्यांना आठवलं असणार, मी तिथे असते तरी माझी ओ ऐकू आली नसती. ते रांगेतून एकेक चेहरा बघत गेले. शेवटपर्यंत गेले. परत आले.

“साब, अंदर नहीं जाना है,” वॉचमन म्हणाला. हे त्यांनीच त्याला शिकवलेलं. ह्यांनी नळाखाली रुमाल ओला केला, तोंडावर दाबला आणि पळत इमारतीत शिरले.

तीस वर्षं या माणसाने लोकांना एकच सांगितलं, कितीही जवळचा आत राहिला तरी एकट्याने शिरायचं नाही. त्याच्या दृष्टीने आत विषारी वायू होता. मी जाळीला कपाळ टेकून बसले होते आणि मला एवढंच कळत होतं, की हा माणूस माझ्यासाठी मरायला निघाला आहे.

आमचं घर उघडून झालं, न्हाणीघर झालं. मग जिन्यात पावलं वाजली. कडी निघाली. दारात हे, रुमाल तोंडाला, डोळे लाल.

“वास येते काय?”

मी मान हलवली. कैऱ्यांकडे बोट दाखवलं, कडीकडे बोट दाखवलं. ह्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग ते तिथेच उंबऱ्यावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. मी मिठाच्या हातांनीच त्यांचं डोकं पोटाशी धरलं. खाली सगळी वसाहत अजून रांगेत उभी होती.

संध्याकाळपर्यंत आमच्या नावाने हसून हसून लोकांची पोटं दुखली. मी मात्र मनातून खचले होते. महिना मोडला होता. जेवताना मीच विषय काढला, पाटीवर लिहून: वाडीचं काय?

“रविवारी जा,” हे म्हणाले.

मी शिट्टीकडे बोट दाखवलं.

“ती वाजली तेव्हा सगळी लांब पळाली. तिचा काय भरवसा नाय. पण तू जागेवर नाय हे मला कळलं ना? वेळेवर घरी नाय आलीस तर मी येन.” आणि भात वाढून घेतला.

रविवारी मी एडवणला गेले. वाडीत सगळीकडे पाला साचलेला, पंप रुसलेला, आणि एका आंब्याखाली पाडाचे आंबे पडलेले. मी एक तिथेच उभी राहून चोखून खाल्ला. मग चिकट हातांनी ह्यांना फोन लावला. बोलून ऐकू जायचं नाही, म्हणून पोचले हे सांगायला फोनवर शिट्टी वाजवली.

“शिट्टी नको,” हे म्हणाले. “बोल.”

“ऐकू येणार नाही,” मी कुजबुजले.

“येते. बोल.”

मी पंपाचं सांगितलं. पाल्याचं सांगितलं. आंबा किती गोड आहे ते सांगितलं. आवाज मध्येच तुटत होता, शब्द गळत होते. पलीकडे हे पंखाही बंद करून बसले होते, आणि मध्ये मध्ये एवढंच म्हणत होते, “मग?”