घरात वाघ, तालमीत मांजर

कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशिनी दुरुस्त करणाऱ्या त्या बाईला सगळे 'फोरमनीण' म्हणत. ती फोरमन नव्हती. आवाज तेवढा फोरमनचा होता. अडतिसाव्या वर्षी ती बँडमध्ये गिटार वाजवत होती. ड्रमवर तिची नणंद; बेस गिटार आणि ओरडणं भूमितीच्या मास्तरांकडे. संगीत म्हणजे पोस्ट-हार्डकोर, पंकचं जास्त वाकडं भावंड. त्यात गिटार हवी करकरीत, घासात खडा लागावा तशी.

तो खडा शोधण्यात तिचे तीन आठवडे गेले. ओट्याशेजारी गिटारचा आवाज वाढवणारा अ‍ॅम्प, दार बंद, आवाज बेताचा. सूर फाडणारा गेन पूर्ण वर, जाड सुरांचा बेस भरपूर, बारीक सुरांचा ट्रेबल भरपूर, आणि मधल्या सुरांचा मिड शून्यावर. नवरा म्हणाला, "भिंत कोसळल्यासारखं वाटतंय." तिला ती शाबासकीच वाटली.

तालमीत मात्र नणंदेने झांज हाणली की गिटार गायब.

"वहिनी, वाजवतेस की नुसती खाजवतेस?"

"तू आधी ती भांडी घासणं थांबव!"

मास्तर शांतपणे म्हणाले, "फोरमनीणबाई, परवा रेकॉर्डिंग आहे. आज तुमची गिटार ऐकू आली नाही, तर आम्ही दोघंच करू. तसाही फरक कुणाला कळणार नाही."

हे तिला मिरचीसारखं झोंबलं. अ‍ॅम्पचा आवाज वाढवला, तर फक्त पाण्याच्या पंपासारखी घरघर वाढली. तिने पायाशी असलेल्या गिटारच्या पेडलला लाथ घातली. पेडलला काही झालं नाही, अंगठा तेवढा ठणकला.

अंगठा चोळत खाली बसली, तेव्हा स्वतःचाच राग आला. ऐंशी मशिनींच्या गदारोळात कुठली बिघडलीय हे ती कानाने सांगायची. त्यासाठी कधी मशीन उचलून शांत खोलीत नेली होती का? मग गिटार कशाला स्वयंपाकघरात ऐकत बसली?

"दोघं वाजवत राहा! मी सांगायच्या आत थांबलात तर याद राखा."

त्या दणदणाटातच तिने गेन निम्म्यावर आणला. बेस कापला, खालच्या सुरांची जागा मास्तरांच्या गिटारची. मिड चढवत नेला. पाच, सहा... सातावर गिटार झांजेला फाडून बाहेर आली. मास्तर ओरडता ओरडता वळून बघू लागले.

"आली गं बया!" नणंद किंचाळली.

गाणं संपल्यावर तिने एकटीनेच तार छेडली. शी! पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज. तीन आठवडे पोसलेली भिंत गेली आणि हाती आला हा डबा! हात आपोआप गेनकडे वळला.

"हात लावलास तर बोटं मोडीन," नणंद म्हणाली.

"असला आवाज माझ्या नावावर रेकॉर्ड होणार?"

"निदान होईल तरी!"

ती आणखीच भडकली. चिकटपट्टी फाडून तिने एकेक नॉब जागच्या जागी जखडून टाकला.

"चला, पुन्हा," ती करवादली. "आणि मधे कुणी थांबू नका. एकटा ऐकला की मला हा आवाज सहन होत नाही."