रुमालाखालचा हात

शांतिसेनेच्या तुकडीतून आफ्रिकेत गेलो, तेव्हा आमची पोस्ट एका पुलावर होती. मी हवालदार. रोज पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारांसह मोर्चावर सज्ज राहणं, मग गस्त, पाणीवाटप. नाईक रफिक माझ्या सेक्शनमध्ये. त्याचे अब्बा लासूर स्टेशनच्या बैलबाजारात दलाल. मी जवळच्याच शहरातल्या पुंडलिकनगरचा, हातगाडीवर भाजी विकून वाढलेला. सौद्यात कुणाला ऐकत नाही आणि डोकं लवकर तापतं.

"साब, तुमचा सौदा कमी, भांडण लई," रफिक म्हणायचा.

एका दुपारी पलीकडच्या गावातून बायका, म्हातारे, लेकरं पळत आली. बंडखोरांनी त्यांना पुलाच्या तोंडाशी अडवलं. आम्हाला आधी गोळी चालवायची मनाई होती. दुभाष्यामार्फत मी त्यांच्या कमांडरला आमचं रेशन आणि डिझेल देऊ केलं. तो राजी झाला, पण माल मिळाल्याशिवाय माणसं सोडेना. माणसं आल्याशिवाय मी माल देईना. माझा आवाज चढला.

रफिकनं रायफल माझ्याकडे दिली आणि पुढं गेला. बैलबाजारात दलाल भाव ठरवायला रुमालाखाली हात धरतो, सौदा पुरा होईस्तोवर सोडत नाही. रफिकनं कमांडरचा हात तसाच धरला, वर रुमाल टाकला. कमांडर हसला; आता दोघं एकमेकांना जामीन होते. माणसं पुलावरून निघाली.

शेवटची म्हातारी मध्यावर असताना टेकडीवरून दुसऱ्या टोळीनं फायर केला. गोळी रफिकच्या पोटात लागली. कमांडर हात हिसकू लागला. तो सुटला असता, तर त्याच्या माणसांनीही पुलावर गोळ्या झाडल्या असत्या. म्हातारी आमच्याकडे पोचली, तेव्हाच रफिकनं हात सोडला.

हेलिकॉप्टर जवळच्याच एअरफील्डवर उभं होतं. शांतिसेनेतल्याच दुसऱ्या देशाचं. मी वायरलेस सेटवर मुख्यालयाला बोलावलं.

"एक कॅज्युअल्टी, गंभीर. हेली पाठवा. ओव्हर."

"हेली तयार. त्यांच्या सरकारची परवानगी यायची आहे. थांबा. ओव्हर."

"हा थांबणार नाय!"

"समजलं. थांबा. आउट."

मी सेटवर शिव्या घातल्या. रफिक हळूच म्हणाला, "साब, यांच्यात दलालच लई दिसतात."

अंधार पडायच्या आत तो गेला. परवानगी आली नाही.

त्या सरकारचा शोकसंदेश आला. त्यात शौर्याचा गौरव होता, परवानगीबद्दल एक शब्द नव्हता. आज चिकलठाण्यात माझं स्वतःचं वर्कशॉप आहे. ऐकेल त्याला मी विचारतो: उडू द्यायचं नव्हतं, तर हेलिकॉप्टर पाठवलं कशाला?

रफिकची पेटी तेव्हा याच चिकलठाण्याच्या विमानतळावर उतरली होती. त्याच्या अब्बांनी तिच्यावर हात ठेवला. पोरानं रुमालाखाली हात धरल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं.

"लोगां पार हुए क्या, बेटा?"

"व्हय चाचा. सगळे."

"हात कब छोड्या उने?"

"शेवटची म्हातारी आल्यावर."

"बराबर छोड्या," ते म्हणाले. पेटीवरचा आपला हात मात्र त्यांना उचलता येईना.