म्हातारीवरचा घण

बाबांच्या शोकसभेत जो उठला तो हेच बोलला, की या माणसाने आयुष्यात कधी आवाज चढवला नाही. माणूस गेला की लोक त्याला रंधा मारून गुळगुळीत करतात, याचा मला संताप येतो. मी त्यांची मुलगी. मला हातात घण घेतलेले बाबा आठवत होते.

साकीनाक्याच्या एका गाळ्यात त्यांनी दाराच्या कड्या नि बिजागऱ्यांचा कारखाना काढला, तोही एका जुन्या प्रेसच्या जिवावर. पायाने पट्टी दाबली की वरचा ठोकळा धाडकन खाली येऊन पत्रा कापायचा. पुढे नव्या प्रेस आल्या, कामगार वाढले, दहिसरला घर झालं, तरी सकाळचा पहिला नमस्कार तिलाच. बाबा तिला ‘म्हातारी’ म्हणत. टाकून देणं त्यांना जमायचंच नाही. नजर गेलेला फिटर अखेरपर्यंत कामावर होता. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिची वेणी तेच घालायचे. म्हातारी कधीकधी पाय न लावताच दुसऱ्यांदा आपटायची. बाबा हसायचे, “वय झाला तिचा.” दुरुस्त करून घ्यायचे आणि पुन्हा चालवायचे.

एका दुपारी ती तशीच दुसऱ्यांदा आपटली, तेव्हा खाली आमच्याकडच्या एका बाईचा उजवा हात होता. मी बाजूलाच माल बांधत होते. आधी हाड मोडल्याचा आवाज आला, किंकाळी नंतर. तीन बोटं पत्र्यात चेचली गेली होती, कड्यांच्या ढिगावर रक्त उडालं होतं. बाबांनी अंगातला सदरा फाडून तिचा हात आवळला आणि तिला उचलून रिक्षात घातलं. बोटं वाचली नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिचा नवरा आला. काही न विचारता त्याने बाबांच्या थोबाडीत भडकावली. कॉलर धरून भिंतीवर आपटलं, पुन्हा मारलं. बाबांचा ओठ फाटला. आमचे कामगार पाने, सळ्या घेऊन धावले. खोटं कशाला बोलू, मीही सळी उचलली होती.

“कोणी हात लावूचो नाय तेका!” बाबा गरजले. असा आवाज मी त्याआधी ऐकलाच नव्हता. मग त्याच्याकडे बघून म्हणाले, “माका म्हायत होता ती दोनदा मारता. तरी चालवलंय.”

त्याचा उगारलेला हात तसाच राहिला.

आवाज ऐकून समोरच्या गाळ्याचा मालक आला होता. म्हणाला, “शेठ, मशीन मला द्या ना, आत्ता उचलतो.”

“द्या बाबा, ब्याद जाऊ दे,” मी म्हटलं.

बाबांनी कोपऱ्यातला घण ओढला. “इकलंय तर उद्या दुसऱ्याचो हात जातलो.”

रोजच्यासारखा त्यांनी म्हातारीला नमस्कार केला आणि पहिला घाव घातला. ती दाद देईना. घण उसळून त्यांच्याच खांद्याला लागला. ते मारतच राहिले, शिव्या देत, रडत. फुटल्या ओठातून रक्त ओघळत होतं, तळहात सोलून निघाले, दांडा लाल झाला. त्यांना धरायला जायची माझी छाती झाली नाही. मला त्यांची भीती वाटत होती. शेवटी ते गुडघ्यांवर बसले आणि घण हातातून गळला.

तो त्या बाईच्या नवऱ्याने उचलला. “बाजूला व्हा, काका.”

असा तुटून पडला तो म्हातारीवर, की गाळ्याचे पत्रे थरथरले. बिडाचा सांगाडा मधोमध तडकला तेव्हा कुठे त्याने घण टाकला आणि बाबांच्या शेजारी फरशीवर बसून हंबरडा फोडला.

ती बाई आजही आमच्याकडे माल तपासायला आहे. शोकसभेत तिने डाव्या हाताने फुलं वाहिली. सगळ्यांचं गोड बोलून झाल्यावर माइक तिच्या नवऱ्याकडे गेला.

“मी त्यांना मारलं होतं,” एवढंच म्हणून तो खाली बसला.

अख्ख्या सभेत माझ्या बाबांबद्दल तेवढं एकच वाक्य बोललं गेलं.