टेकू मी काढला

भांडं सुटलं तेव्हा नवऱ्याचा उजवा हात त्याच्याखाली होता. आधी बादलीभर पाणी माझ्या तोंडावर आलं, मागून भांडं. जाड चिनी मातीचं, तोंड धुवायचं. फरशीवर पडून त्याचे चार तुकडे झाले, आणि फरशी नि भांडं यांच्यामध्ये नवऱ्याची बोटं सापडली. तो ओरडला नाही. "हात कुठं हाय माजा?" एवढंच म्हणाला. मी तुकडे बाजूला केले. हात होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट कातडीला लोंबत होती.

माझ्या हातात टेकू होता. तो मीच काढला होता. हे मी कधी नाकारलं नाही. काढायला कोणी सांगितलं, ते मात्र आमच्या गावात मी सोडून कोणी बोललं नाही. म्हणून लिहिते. चौथीपर्यंत शिकले, तेवढ्यावर जमेल तसं.

रेवदंड्याजवळ समुद्राला लागून मुंबईच्या एका शेठच्या बंगल्याचं बांधकाम चाललं होतं. साठ सालानंतरची गोष्ट. माझा थोरला भाऊ तिथं मिस्त्री. नवरा पाथरवट, भावाच्या हाताखाली. मी माल कालवायची, म्हणजे चुना, सिमेंट, वाळू. वाळू मी नदीची घ्यायची आणि पाणी विहिरीचं, कारण समुद्राच्या वाळूचा माल जन्मभर ओला राहतो. माझ्या मालाला कोणी नाव ठेवलं नव्हतं. दुसरे गवंडीही भावाकडे मला मागायचे. मला त्याचा गर्व होता. लपवत नाही.

शेठनं मुंबईत कुठल्याशा हॉटेलात तोंड धुवायचं भांडं दगडाच्या खाली बसवलेलं पाहिलं होतं. तसंच त्याला हवं होतं. नेहमी भांडं दगडाच्या वर बसतं, काठ दगडावर टेकतो, वजन दगड घेतो. हे उलटं. दगडाला भोक पाडायचं, भोकाच्या कडा गुळगुळीत करायच्या आणि भांडं खालून चिकटवायचं. ओट्यावरचं पाणी पुसलं की सरळ भांड्यात. आमच्या बाजूला असं कोणी पाहिलं नव्हतं. बंगल्याचा राखणदार म्हणाला, "शेठ उद्या ताटाखाली भात वाढायला सांगेल."

संगमरवरी दगड मुंबईहून समुद्रावरून मचव्यानं आला. भोक नवऱ्यानं पाडलं. दहा दिवस छिन्नी धरून बसला, मग ओली रेती आणि दगड घेऊन कडा घासल्या. बोट फिरवलं तर लोण्यासारखं लागायचं. त्याच्या हाताला तशी कला होती.

दगड न्हाणीत भिंतीला बसवला. भांडं चिकटवायचं काम भावाचं. काठाला पांढरं सिमेंट लावलं, भांडं खालून दाबलं आणि मधोमध लाकडाचा टेकू देऊन खाली पाचर ठोकली. शेठच्या माणसानं सांगितलं होतं, आठ दिवस हात लावू नका आणि टेकू काढायच्या आधी भांड्याखाली लोखंडी पट्ट्या घेऊन त्या भिंतीत पक्क्या करा. पट्ट्या लोहाराकडे तयार पडल्या होत्या. आणायला भाऊ गेला नाही. शेठ शनिवारी पाहुणे घेऊन यायचा होता आणि तोवर नळ चालू करून दाखवायचा भावाला सोस.

तिसऱ्या दिवशी त्यानं निचऱ्याच्या भोकाला बूच मारून वरून भांड्यात बादली ओतली.

आमचा बाप होड्या बांधायचा. होडीच्या फटी राळेनं बुजवल्या की तो आत पाणी भरायचा आणि खाली वाकून बघायचा. गळलं नाही तर होडी झाली. भाऊ त्याच हिशेबानं चालला. पण होडी ओंडक्यांवर टेकलेली असते. हे भांडं लटकत होतं, खाली तो एकच टेकू.

निचऱ्याची नळी नेमकी टेकूच्या जागी यायची. नवरा नळी घेऊन दगडाखाली उताणा झाला. मी त्याच्या बाजूला उकिडवी बसले, कारण त्या जागेत माझंच अंग मावायचं. भाऊ वर उभा. मला त्याचे पाय तेवढे दिसत होते.

"काढ गो टेकू," भाऊ म्हणाला.

"दादा, पट्ट्या न्हाय लावल्या अजून."

"पानी गळतंय का?"

"गळत न्हाय."

"मग धरलंय त्यानं. काढ."

"आठ दिवस सांगितलेत. आन् भरलेलं हाय ते. पानी तरी काढ आधी."

"मिस्त्री मी हाय का तू? भावाला शिकवतेस? काढ!"

आमच्या धंद्यात ज्यानं टेकू लावला त्यानंच काढायचा, असा नेम आहे. तो मला ठाऊक होता. तरी मी पाचरीवर हातोडी मारली, कारण सांगणारा माझा भाऊ होता. ती माझी चूक. तेवढी मी घेते.

आवाज ऐकून राखणदार धावत आला. तोवर मी लुगडं फाडून नवऱ्याचा हात बांधला होता. भाऊ दारात उभा राहून म्हणाला, "बाईमाणूस. इचारल्याबिगर पाचर काढली."

मला वाटलं, घाबरून बोलतोय. मी म्हणाले, "दादा, तू सांगितलंस."

"मी? कवा?"

राखणदारानं नवऱ्याकडे पाहिलं. "तू खालीच व्हतास. मिस्त्रीनं सांगितलं काय हिला?"

नवऱ्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. भावानं सांगितलं तेव्हा त्याच्या कानापासून भावाचे पाय दोन हातांवर होते. त्यानं डोळे मिटले.

"मी नळी बघत व्हतो. मला काय ऐकू न्हाय आलं."

अलिबागच्या दवाखान्यात दोन बोटं काढली. वाटेत बैलगाडीत मी त्याचा हात वर धरून बसले होते. खरंच ऐकलं नव्हतं का, हे मी विचारलं नाही.

शनिवारी शेठ आला. मला कामावरून काढलं. त्यानंतर कुठल्याही गवंड्यानं मला माल कालवायला बोलावलं नाही. मी सुकी मासळी विकायला लागले. बोंबील, सोडे, जवळा घेऊन तळा गावच्या बाजारापर्यंत जायची. नाव माझ्याआधी पोचलेलं. शेजारी बसणाऱ्या बाया म्हणायच्या, "टेकूवाली आली गो, छपराखालून सरका!" मग सगळ्या हसायच्या. एकदा मी म्हणाले, "बसा तिथंच. सांगितल्याशिवाय मी काढत न्हाय." कोणी हसलं नाही.

भावानं नवऱ्याला कामावर ठेवलं. छिन्नी धरवत नव्हती, तर भिंत सरळ बघायचा ओळंबा धरायला, फरशा मोजायला ठेवलं. एकदा जेवताना नवरा सहज म्हणाला, "दुसरं भांडं बसवलं. पट्ट्या लावल्या आन् आठ दिवस टेकू ठेवला." म्हणजे कसं करायचं ते भावाला पहिल्यापासून ठाऊक होतं. मी त्याच्या ताटात भात वाढला आणि उठले.

त्या वर्षी भाऊबीजेला मी गेले नाही. भावानं नवऱ्याच्या हाती लुगडं पाठवलं. चांगलं होतं, हिरवं. फाडून मासळीच्या टोपल्या झाकायला वापरलं. नवऱ्यानं पाहिलं आणि तंबाखू चोळत बसला, तीन बोटांनी.

बऱ्याच वर्षांनी, पोरं मोठी झाल्यावर, मी त्याला विचारलं.

"तुमी ऐकलं व्हतं ना?"

"व्हय."

"मग?"

"भाऊ तुजा. त्याला खोटं पाडून मी जानार कुठं? दोन बोटं गेलेल्या पाथरवटाला दुसरा कोन ठेवनार व्हता?"

"आन् मला कोन ठेवनार व्हता?"

तो म्हणाला, "तुजं भागलं ना." माझं भागलं, हे खरं. मी मासळी विकून चार पोरं वाढवली. पण मी भागलं का ते विचारलं नव्हतं.

भाऊ खोटं बोलला ते मला समजतं. तो मिस्त्री होता आणि भित्रा होता. नवऱ्याचा हात मी माझ्या पदरात धरला होता, तेव्हाही तो खरं बोलला नाही. ते मला अजून समजलेलं नाही, आणि आता समजून घ्यायची हौसही नाही.

भाऊ खोकल्यानं गेला, नवरा पुढे सात वर्षांनी. टेकू काढायला कोणी सांगितलं, ते दोघांनीही शेवटपर्यंत चारचौघांत सांगितलं नाही. त्या दिवशी न्हाणीत आम्ही तिघंच होतो. त्यातली मी जिवंत आहे.